कपाटातले अकरा दाखले

फोन आला तेव्हा फौजदारबाई चौकीतल्या बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होत्या. सलग दोन दिवसांचा बंदोबस्त नुकताच आटोपला होता. उजवा गुडघा सुजला होता आणि घरी जाऊन पालथं पडायचं एवढी एकच इच्छा उरली होती.

"मॅडम, महिला मंडळातून फोन आहे," ठाणे अंमलदार म्हणाला. "चोरी झाली म्हणतात."

"काय गेलं?"

"दाखले."

"कसले?"

"शाळा सोडल्याचे. अकरा दाखले. आज संध्याकाळी पाचच्या आत शिक्षण कार्यालयात द्यायचे होते म्हणे. तिथल्या बाई रडतायत."

"दुसरं कोणी नाही जायला?"

अंमलदारानं रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. फौजदारबाईंनी नाडी पुन्हा बांधली.

मंडळाची जागा सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. जिना अरुंद आणि उभा. वर एक लांबट खोली, तिच्यात दोन शिलाई मशीन, एक फळा, लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट. मागच्या बाजूला पुस्तकांची लहानशी खोली होती. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना इथे रोज दुपारी शिकवत. तीन वर्षं खपून अकरा जणी यंदा दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसणार होत्या.

आत सहा बायका होत्या आणि पाच जणी एकदम बोलत होत्या.

"एकेकीनं," फौजदारबाई म्हणाल्या. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं, पण खोली गप्प झाली.

पहिल्या बोलल्या त्या अध्यक्षबाई. औषधाच्या दुकानाच्या मालकीण, चष्मा साखळीला अडकवलेला. "दाखले या कपाटात होते. कुलूप फोडलेलं नाही. किल्ली एकच. आणि ती हिच्या कमरेला असते." त्यांनी बोट केलं. "आता मी काय वेगळं सांगायला हवं?"

बोट शिवणकाकूंकडे होतं. त्या मंडळाच्या सचिव. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायच्या आणि उरलेल्या वेळात मंडळाचे कागद सांभाळायच्या. डोळे रडून लाल झाले होते.

"मी कशाला चोरीन हो? मीच तर गोळा केले ते. गावोगावच्या शाळा पालथ्या घातल्या. कुणाची शाळा बंद पडलेली, कुणाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. काहींनी तर हरवला म्हणून नाद सोडला होता. त्यांचे मी न सांगता आणले, दोन-दोन बस बदलून. काल वर्गात सगळ्यांना दाखवले तेव्हा काय आनंद झाला होता!"

"आणि सकाळी कपाट रिकामं?"

"रिकामं नाही. तेच तर!" त्यांनी टेबलावरचा जाड तपकिरी लिफाफा पुढे केला. वर त्यांच्याच अक्षरात 'दाखले' लिहिलेलं होतं. "नऊला आले, कुलूप उघडलं, फॉर्मना दाखले टाचायला बसले, तर आतून हे निघालं."

लिफाफ्यात जुन्या सराव प्रश्नपत्रिका होत्या. फौजदारबाईंनी मोजल्या. अकरा. तशाच प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा टेबलाच्या टोकाला पडलेला होता.

"फॉर्म कुठे आहेत?"

फॉर्म कपाटात जागच्या जागी होते. फौजदारबाईंनी खुर्ची ओढली, पाय लांब केला आणि एकेक फॉर्म बघितला. फोटो चिकटवलेले, सह्या झालेल्या. अक्षर प्रत्येकीचं निराळं, जपून काढलेलं.

"जन्मतारखेची जागा मोकळी का?"

"मीच मोकळी ठेवायला सांगितली," फळ्याजवळच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. त्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त होऊन इथे फुकट शिकवत होत्या. "दाखल्यावर असेल तीच तारीख घालायची. अंदाजानं लिहून खाडाखोड नको."

दहा फॉर्मांवर जागा मोकळी होती. एका फॉर्मवर तारीख होती, ठसठशीत, दोनदा गिरवलेली. फौजदारबाईंनी फॉर्म बाजूला ठेवले.

"काल लिफाफा कपाटात गेला कधी?"

"भांडणानंतर," शिवणकाकू म्हणाल्या.

"कसलं भांडण?"

टेबलाशी बसलेल्या सगळ्यांत तरुण बाईनं मान खाली घातली. वर्गात तिला धाकटी म्हणत. तिचा नवरा ट्रक चालवायचा.

फौजदारबाईंनी पुस्तकांच्या खोलीत बसून एकेकीला बोलवायचं ठरवलं. जाता जाता सांगितलं, "माझं होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही."

पहिली धाकटी आली.

"नवरा काय म्हणाला काल?"

"तेच नेहमीचं. शिकून कुठे कलेक्टर होणार आहेस का. घरात भाकरी—" ती थांबली. "घरात कामं पडलीत म्हणाला."

"वर आला होता?"

"वरच्या पायरीपर्यंत. मग आक्कांनी त्याला ढकलत खाली नेलं. खोलीत पाय नाही टाकला त्यानं. मॅडम, तो तोंडाचा वाईट आहे, पण कागदाला हात लावणारा नाही. आणि रात्रीच गाडी घेऊन गेला तो."

"दाखले गेले तर त्याला बरंच वाटेल."

"वाटेल," ती म्हणाली. "पण मग माझा एकटीचा नेला असता ना. बाकीच्यांशी त्याचं काय वैर?"

फौजदारबाईंनी मान हलवली. प्रश्न बरोबर होता.

मग आक्का आली. मंडईत भाजीचा गाळा, आवाज गाळ्यावरचाच.

"त्याला मीच आडवी गेले. मेल्यानं काय केलं माहितीय? जिन्याच्या वरच्या तोंडाशी सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता, तो लाथेनं खाली उडवला. धडाधड रस्त्यावर! आम्ही सगळ्या अनवाणी धावलो. त्याला पिटाळलं, मग घाईघाईनं चपला गोळा केल्या. माझी एक अजून गटारात आहे. हे बघा." तिनं पाय पुढे केला. एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात निळी.

फौजदारबाईंना त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. "या वयात शिकायचं कुठून मनात आलं?"

"या वयात म्हणजे? गेल्याच महिन्यात साठी झाली, नातवांनी फुगे लावले. मी आणि मावशी, ती बाहेर बसलीय ना हॉस्पिटलवाली, आम्ही पहिलीपासून एका बाकावर. सातवीत दोघींना एकदमच घरी बसवलं. तेव्हाच ठरवलं होतं, पुढेमागे दोघींनी एकदमच पास व्हायचं."

"कपाटाची किल्ली शिवणकाकूंकडेच असते?"

"असते. पण ती चोर नाही, मॅडम. अध्यक्षबाईंना कागद म्हटला की माणूस दिसत नाही. त्या मघाशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, आजपासून किल्ली देऊन टाका. बिचारीनं अठरा वर्षं झिजवलीत इथे."

मास्तरीणबाई काठी टेकत आल्या आणि खुर्चीत बसायला त्यांना बराच वेळ लागला.

"भांडण चाललं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"दाराबाहेर. कठड्याला धरून उभी होते, खाली बघत. जिना उतरायचे दिवस गेले माझे."

"खोलीत मागे कोण राहिलं?"

"मी सगळ्यांत आधी बाहेर पडले. बाकीच्या माझ्या अंगावरून पळाल्या. मोजल्या नाहीत मी. चाळीस वर्षं मुली मोजल्या आणि नेमक्या काल नाही मोजल्या."

"लिफाफा तेव्हा कुठे होता?"

"टेबलावर. दाखले बघून झाले होते, सगळे परत आत घातलेले. भांडण निपटून सगळ्या वर आल्या, शिवणकाकूंनी लिफाफा उचलला, कपाटात ठेवला, कुलूप घातलं. मी बघितलं."

"आत उघडून बघितला?"

"नाही. जाड होता की."

शेवटी मावशी आली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात वॉर्डात काम करायची. रात्रपाळी करून तशीच इथे आलेली, डोळ्यांखाली काळं पडलेलं. डब्याची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली होती.

"झोपला नाहीत?" फौजदारबाईंनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे झोपलाय?"

फौजदारबाईंनी गुडघा चोळला.

"घरी कोण?"

"नवरा. त्याची किडनी गेलीय. आठवड्यातून दोनदा मशीनवर घालतात. मी नोकरीत आहे म्हणून आमच्याच हॉस्पिटलात लगेच नंबर लागतो."

"परीक्षेला सुट्टी मिळेल?"

"अर्ज द्यायचा. अध्यक्षबाईंनीच हॉस्पिटलच्या ऑफिसात बोलून ठेवलंय. परीक्षेचा फॉर्म आणि दाखल्याची झेरॉक्स जोडली की पगारी रजा."

"काल गडबड झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सगळ्यांच्या मागून गेले. चपला पायात सरकवल्या, खाली उतरले. तो ओरडत होता. मग पाळीची वेळ झाली, मी हॉस्पिटलात गेले."

"आणि सकाळी?"

"पाळी सुटली की आले."

फौजदारबाईंनी आणखी काही विचारलं नाही. मावशी बाहेर गेल्यावर त्यांनी शिवणकाकूंना परत हाक मारली.

"तुम्ही सकाळी आलात तेव्हा दार बंद होतं?"

"हो. मीच उघडलं."

"बाहेर कोणी?"

"मावशी होती. जिन्यात बसलेली. म्हणाली, आठपासून बसलेय. मी म्हटलं, अगं, वर्ग दुपारी, आत्ता घरी जाऊन झोप की. तर म्हणाली, फॉर्म टाचायला मदत करते. मी म्हटलं नको, तू दमलीस, मीच टाचते. आणि उघडलं कपाट."

"तिचा दाखला तुम्ही आणलात?"

शिवणकाकूंचा चेहरा खुलला. "तिचाच तर सगळ्यात अवघड! ती म्हणत होती, शाळा पडली, दाखला मिळायचा नाही, त्याऐवजी शपथपत्र देईन. मी आक्काच्या दाखल्यासाठी त्याच शाळेत गेले तर शाळा नवीन इमारतीत, रजिस्टर शाबूत. तिला सांगितलंच नव्हतं. काल एकदम हातात दिला. ती बघतच राहिली हो. बोललीच नाही काही."

खिडकीतून खालच्या दुकानातल्या पंपाचा आवाज येत होता. फौजदारबाईंना मनापासून वाटलं, ही केस दुसऱ्या कुणाला दिली असती तर बरं झालं असतं. मग त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या.

घड्याळात दोन वाजून गेले होते. सगळ्या टेबलाभोवती बसल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिहून घ्या तक्रार आणि मोकळं करा. आम्हाला अंदाज आहेच कोण ते."

"तुमचा अंदाज चुकलाय," फौजदारबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही शिवणकाकूंवर आळ घेतलात तो सगळ्यांसमोर, म्हणून मलाही सगळ्यांसमोरच बोलावं लागणार. नाहीतर हे मी एकटीशी बोलले असते."

आक्कानं खुर्ची पुढे ओढली.

"चोरी कपाटातून झालीच नाही. कपाटात गेल्या त्या प्रश्नपत्रिका. दाखले त्याआधीच, लिफाफा टेबलावर असताना काढले गेले. सगळ्या जिन्याकडे धावल्या तेव्हा. म्हणजे किल्लीचा संबंध संपला. शिवणकाकूंना चोरायचं असतं तर किल्ली कमरेलाच होती, कधीही काढले असते. लिफाफा भरून ठेवायची गरज काय? आणि सकाळी स्वतःच ओरडायची गरज काय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"आता, परीक्षा बुडवायची असती तर चोरानं फॉर्मही फाडले असते. ते त्याच टेबलावर होते ना काल?"

"होते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"त्यांना धक्का नाही. म्हणजे परीक्षेशी वैर नाही, दाखल्याशी आहे. आणि लिफाफ्यात मोजून अकरा कागद घातले. हे वेळ काढायला केलं. ज्याला दाखले जाळायचे आहेत त्याला वेळ कशाला हवा? वेळ त्याला हवा ज्याला ते परत आणून ठेवायचेत. सगळे नाही, दहा. एक काढून घेऊन."

मावशीचा हात पिशवीच्या बंदावर होता. तो तिथेच राहिला.

"एकच काढायला वेळ मिळाला नाही. तेवढ्या घाईत शोधत बसणार कुठे? पावलं वाजली, सगळा गठ्ठाच उचलला. आज सकाळी कपाट उघडेपर्यंत परत ठेवायचा विचार होता. म्हणून रात्रपाळी करून कोणीतरी आठपासून जिन्यात बसलं होतं. 'मी टाचते' म्हणालं होतं."

आक्कानं हळूच मावशीकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही म्हणालात, चपला घालून खाली गेले. काल कुणीच चपला घालून गेलं नाही. चपला रस्त्यावर पडल्या होत्या. हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तेव्हा खोलीत होतात. बाहेर आलात तोवर चपला गोळा होऊन परत वर आल्या होत्या."

"का?" शिवणकाकू पुटपुटल्या. "मावशी? का गं?"

फौजदारबाईंनी तो एक फॉर्म पुढे सरकवला. "बाईंनी तारीख मोकळी ठेवायला सांगितली. दहा जणींनी ऐकलं. तुम्ही भरलीत. या तारखेप्रमाणे तुम्ही सत्तावन्न वर्षांच्या. आणि पहिलीपासून तुमच्याच बाकावर बसलेली आक्का गेल्या महिन्यात साठ वर्षांची झाली. तुमच्या नोकरीत निवृत्ती अठ्ठावन्नाला, बरोबर?"

मावशीनं पिशवी उघडली. डब्याखालून स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेला गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. एकाही कागदाला सुरकुती नव्हती.

"नोकरीला लागले तेव्हा दाखला कुणी मागितला नाही," ती म्हणाली. "साहेबानं विचारलं वय, मी चुकून तीन वर्षं कमी सांगितलं. खरंच चुकून, तेव्हा आम्हाला कुठे तारखा ठाऊक होत्या. पुढे कळलं. पण तोवर ह्यांची किडनी गेली होती. मी निवृत्त झाले की मशीनचा नंबर जाणार. दाखल्याची झेरॉक्स ऑफिसात गेली की झालंच." ती शिवणकाकूंकडे वळली. "तू मला एकदा विचारायचं होतंस गं. मी म्हटलं होतं ना, मिळायचा नाही म्हणून."

"मला वाटलं, तुला आनंद होईल," शिवणकाकू म्हणाल्या.

"झाला ना. आधी तोच झाला. वडलांचं नाव होतं त्यावर." तिनं डोळे पुसले. "आणि मग तारीख वाचली."

"सकाळपासून माझ्यावर आळ येत होता. तू इथेच बसली होतीस. एक शब्द बोलली नाहीस."

मावशीनं मान खाली घातली ती वर केली नाही.

"मला माहीत होतं," आक्का मध्येच म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "वयाचं. सतरा वर्षं माहितीय. मी म्हटलं, आपण कशाला बोला. आणि आज मीच वटवट केली."

अध्यक्षबाईंनी घसा साफ केला. "मॅडम, हे तर सरकारी फसवणुकीत..."

"माझ्याकडे तक्रार अकरा कागद हरवल्याची आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "कागद सापडले. वयाची तक्रार हॉस्पिटलनं करायची असते. पण मावशी, मी खाकीत आहे, मला ऐकू आलंय. हे मी पोटात ठेवू शकणार नाही. आठ दिवस देते. माझ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. त्यात फरक पडतो. फार नाही, पण पडतो."

मावशीनं मान हलवली. मग फॉर्म जवळ ओढला. मास्तरीणबाईंनी पेन दिलं. तिनं तारखेवर एक सरळ रेघ मारली, वर खरी तारीख लिहिली आणि बाजूला सही केली.

"खाडाखोड झाली," ती म्हणाली.

"चालेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सही केली की चालते."

अध्यक्षबाई उठल्या आणि शिवणकाकूंजवळ गेल्या. त्यांनी टाचण्यांची डबी उघडली आणि समोर बसून दाखले फॉर्मना टाचायला लागल्या. शिवणकाकूंनी थोड्या वेळानं एक फॉर्म त्यांच्याकडून काढून घेतला. "तिरका लागतोय," एवढंच म्हणाल्या. सव्वाचारला अकरा फॉर्म घेऊन सगळ्या निघाल्या.

पुढचं फौजदारबाईंना आठ महिन्यांनी आक्काच्या गाळ्यावर कळलं. मावशी सहाव्या दिवशी स्वतः ऑफिसात गेली होती. नोकरी लगेच गेली. चौकशी अजून चालू होती आणि पेन्शन तोवर अडकलेलं. निवृत्तांच्या नवऱ्यालाही मशीन मिळतं, हे तिला तिथल्या कारकुनानं सांगितलं. एवढी वर्षं तिनं भीतीपोटी कधी विचारलंच नव्हतं. मात्र आता सगळ्यांच्या रांगेत. पहाटे पाचला जाऊन उभं राहायचं, कधी नंबर लागतो, कधी दुसऱ्या दिवशी या म्हणतात.

"आणि परीक्षा?"

"नऊ जणी पास." आक्कानं तराजूत वांगी टाकली. "मी, धाकटी आणि आणखी सात जणी. एक नापास झाली. आणि मावशीचं गणित राहिलं. तीन मार्कांनी. आता शिवणकाकू तिला रांगेच्या दिवशी पहाटे शिकवतात, तिथेच उभ्या राहून. पहिले दोन महिने बोलत नव्हत्या हो तिच्याशी. मग एकदा आपणहून गेल्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. गणिताचं पुस्तक घेऊन गेल्या."

फौजदारबाईंनी पिशवी उचलली. गुडघा अजून दुखत होता आणि दुपारी पुन्हा बंदोबस्त होता. त्या दोन पावलं गेल्या, मग परत फिरल्या.

"कितव्या नंबरच्या गेटला असते ती रांग?"

"दोनच्या. का हो?"

"आमची पहाटेची गस्त जाते तिकडून," फौजदारबाई म्हणाल्या. "दोन खुर्च्या ठेवायला सांगते."